सॉल्ट म्हणजे मीठ

राहू, ता. दौंड
३ फेब्रुवारी २००२

संपत,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलंय. धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही.

तुझा फरिदाबादचा पत्ता आपल्या रतननं न्हावऱ्याच्या सासरहून कळवला. तुझी बदली झाली हे आबांना तळेगावच्या एसटी स्टँडवर तिसऱ्याच माणसानं सांगितलं. बाप ओट्यावर बसलेला असताना मागच्या दारानं बॅग काढलीस. मामाला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.

परवा आपल्या शेजारच्या अल्लाबक्षमामाचा चाळिसावा, आणि खातूनमामी येरवड्याला तुरुंगात. एवढं एकच वाक्य लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू ते वाचून खिशात घालशील आणि ड्यूटीला जाशील. म्हणून सगळं लिहिते. तुला माहीत आहे तेही लिहिते, म्हणजे पुढं 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहणार नाही.

सत्तावीस डिसेंबरच्या सकाळी मामीनं मामाला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताक दिलं. ईद होऊन दहा दिवस झालेले. मामीचे ईदनंतरचे सहा रोजे चालू होते, त्यामुळे ती जेवली नाही. मामाला साखरेचा आजार, त्याचे रोजे डॉक्टरनं बंद केलेले. त्यांची आयेशा शाळेत गेलेली. ठेच्यात आणि ताकात घातलेलं मीठ मामीनं तुमच्या कंपनीतून आणलं होतं. अर्ध्या तासात मामाचे ओठ निळे पडले, मग नखं. आबा पळत जाऊन जीप घेऊन आले. लोणीकंदच्या पुढं मामानं मान टाकली. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रक्त चॉकलेटसारखं तपकिरी झालंय. पुढं तपासणीत निघालं की ते मीठ नव्हतंच. पोलादाचे तापवलेले भाग तुम्ही ज्या टाकीत बुडवता, त्या टाकीत टाकायचं रसायन होतं.

फौजदारांनी पहिला प्रश्न विचारला, "बाईनं स्वतः का नाही खाल्लं?" मामी म्हणाली, रोजा होता. तर म्हणतात, "रमजान संपला की. आता कुठला रोजा काढलास?" आणि शेजारचा हवालदार हसला. नवरा जाऊन दोन दिवस झालेली बाई समोर उभी, आणि हे हसतायत.

त्यावर तुमच्या कंपनीनं तक्रार दिली की झाडूवालीनं रसायन चोरलं. आणि तू जबाब दिलास. मी तो वकिलाकडं वाचला. 'सदर पदार्थ विषारी रसायन असल्याची सूचना सर्व कामगारांना वेळोवेळी देण्यात आली होती.' काय रे, 'सदर' हा शब्द तू जन्मात कधी तोंडातून काढला होतास का?

दिवाळीला आमच्याकडं जेवायला बसलास तेव्हा काय सांगत होतास, आठवतं? बिहारचा रामसेवक नवीन आला होता. तू त्याला म्हणालास, "टाकीत मीठ टाक." तो समजला 'मीठा', साखर असेल म्हणून चिमूटभर तोंडात टाकली आणि थू थू करत सुटला. तू त्याला शिकवलंस, "अरे, मीठ म्हणजे नमक. मीठा न्हाई." तुझे दाजी हसले, मी हसले, तुझ्या अंकिताला तर ठसका लागला. त्यात विष हा शब्द कुठं होता? त्या पोरानं ते तोंडात घातलं तेव्हा तू त्याला दवाखान्यात नेलंस की शब्दाचा अर्थ सांगत बसलास?

मग तुझ्या खात्यात त्याचं पोतं फुटलं, मामीनं सांडलेलं गोळा केलं आणि विचारलं, टाकून देऊ का. तू म्हणालास, "कशाला मामी, मीठच हाय. घेऊन जा." तिनं फाटक्या पोत्याच्या तुकड्यातच ते बांधलं. त्या तुकड्यावर इंग्रजीत नुसतं 'सॉल्ट' राहिलं होतं, बाकीची अक्षरं फाटून गेलेली. चोर असं उघड्यावर, सुपरवायझरला विचारून चोरतात का?

आई गेली तेव्हा तू पाचवीत होतास. दोन वर्षं तुझी दुपारची भाकरी कुणाच्या चुलीवरची होती, ते मी तुला सांगायला नको.

खरं काय ते कागदावर लिही, सही कर आणि पाठव.

शेवंता


राहू
१७ मार्च २००२

संपत,

दीड महिना झाला, तुझं अक्षर नाही.

मामी जामिनावर सुटली. तळेगावात जीपमधून उतरली तर स्टँडवरच्या बायकांनी पाठ फिरवली. अनसाबाई, जी वर्षानुवर्षं मामाकडून स्टोव्ह दुरुस्त करून न्यायची, ती मामीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्या हातचं पाणी बी घेऊ नका गं." आयेशाच्या वर्गातल्या पोरी डबा खाताना तिच्यापासून सरकून बसतात. नववीतली पोर आहे, सगळं कळतं तिला. मामाची टपरी बंद आहे. मामी घरात बसून असते.

आबांनी मला निरोप पाठवला, "कंपनीत जाऊ, चल." आयुष्यभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, कुणाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलेला नाही. आम्ही दोन तास तुमच्या गेटवर थांबलो. मग तुमचे ते सर्जेरावसाहेब, कामगारांचं बघतात ते, बाहेर आले. खुर्ची सोड, आबांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी म्हणाले, पोत्यावर मीठ लिहिता आणि बाईला चोर म्हणता?

ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. सॉल्ट हा शास्त्रीय शब्द आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून जे बनतं ते सॉल्ट. खायचं मीठ त्यातलं एक. पोत्यावर छापलंय त्यात चूक काय आहे?"

"म्हणजे पोतं बरोबर आणि बाई चूक?"

"शब्दाचा अर्थ माहीत नसेल तर विचारावं माणसानं."

संपत, मला असा संताप आला! परत आले, शाळेच्या कपाटातला जुना कोश काढला आणि बसले. मीठ हा आपला शब्द 'मिष्ट'वरून आलाय. मिष्ट म्हणजे गोड, चवदार. हिंदीवाल्यांनी तोच शब्द साखरेच्या बाजूला ठेवला, आपण मिठाला दिला, कारण ते पडल्याशिवाय आपल्याला कशालाच चव लागत नाही. मूळचा संस्कृत शब्द लवण. तो आपल्या तोंडी लोणच्यात उरलाय आणि अळणीत. रामसेवक चुकला नव्हता. त्याच्या भाषेत तो बरोबरच होता, आणि तू तुझ्या भाषेत. दोघंही एकाच शब्दानं फसलात, आणि तो शब्द त्या टाकीजवळ आणून ठेवणारा तिसराच कुणीतरी होता.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटी परत गेले. सातवीचं विज्ञानाचं पुस्तक बरोबर घेतलं. सर्जेरावांसमोर पान उघडून धरलं. "हे बघा साहेब. तुम्ही सांगितलेल्या सॉल्टला आमच्या पुस्तकात क्षार म्हणतात. मीठ नाही म्हणत. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. पोत्यावर, भिंतीवर, कुठंही 'क्षार' का नाही लिहिलंत?"

ते वैतागून म्हणाले, "अहो, कामगारांना क्षार कळतं का? त्यांना मीठ म्हटलं की कळतं."

"म्हणजे मीठ म्हणायचं तुम्हीच शिकवलंत."

माणूस वॉचमनला हाक मारून म्हणाला, "मॅडमना गेटपर्यंत सोड."

मीठ म्हटलं की कळतं, हे त्यानं माझ्या एकटीसमोर म्हटलं. उद्या नाही म्हणेल. पण तू आतला माणूस आहेस. तुझ्या तोंडून आलं तर नाही म्हणता येणार नाही. आबांना विचारलं, संपतला काही लिहायचं का. म्हणाले, "मला काय सांगायचं न्हाई त्याला."

शेवंता


राहू
२ मे २००२

संपत,

तुझं पत्र आलं. सात ओळी. पाठ झाल्यात.

'कंपनीनं इथं क्वार्टर दिली आहे. अंकिताचं जूनला इंग्रजी शाळेत नाव घालायचं आहे. मी जबाब बदलला तर नोकरी जाईल आणि वर खोट्या जबाबाची केस होईल. ज्यांचं मीठ खातो त्यांच्याशी बेइमानी करता येत नाही, आक्का.'

लाज नाही वाटली हे लिहिताना? दुसरा कुठला शब्दच सापडला नाही? मी ती ओळ दाजींना वाचून दाखवली. ते उठून गोठ्यात गेले.

आणि त्याखालच्या दोन ओळी. 'मामीनं चौकीत माझं नाव घेतलेलं नाही. मग मी "घेऊन जा" म्हणालो हे तुला कुणी सांगितलं? पोत्याचा तुकडा त्याच दिवशी पोलिसांनी नेला. त्यावर काय लिहिलं होतं हे तुला कसं माहीत?'

वा. फरिदाबादला बसून वकिली शिकलास. इथं बाईचं घर बसलं आणि तू माझी उलटतपासणी घेतोस? मला कसं माहीत हा प्रश्नच नाही. मी कंपनीत नव्हते. मी पोतं फोडलं नाही. मी जबाबावर सही केली नाही. प्रश्न तुला आहे, त्याचं उत्तर दे. माझ्याकडं बोट करून तुझी सुटका होणार नाही.

मामी सांगते वेळोवेळी. शेजारीपाजारी बोलतात. वकिलाकडं कागद आहेत. माहीत होतं माणसाला.

अंकिताला घाल कुठल्या घालायच्या त्या शाळेत.

शेवंता


राहू
२५ ऑगस्ट २००२

संपत,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मामीनं मला नंतर काही सांगितलेलं नाही, शेजाऱ्यांनी नाही, वकिलाकडच्या कागदात ते नाही. चार महिने तुझा प्रश्न माझ्यामागं लागलाय. फळ्यावर लिहिताना, भाकरी थापताना. आता लिहिते.

मामा जायच्या तीन दिवस आधी, बाजारच्या दिवशी, मी अर्धी रजा टाकून तळेगावला आले होते. बाजार करून आबांकडं निघाले तर मामीनं दारातून हाक मारली. तिच्या हातात तो पोत्याचा तुकडा, त्यात बांधलेलं मीठ.

"शेवंते, हे वाच गं काय लिवलंय. संपत म्हणला मीठच हाय, घेऊन जा. पण मला जरा पिवळट दिसतंय."

माझ्या दोन्ही हातात पिशव्या. शेवटची जीप निघायच्या आत आबांना भेटायचं होतं. मी पिशव्या खालीसुद्धा ठेवल्या नाहीत. मान वाकडी करून वाचलं. आधीचा एक शब्द फाटलेला, त्याचं शेपूट तेवढं राहिलेलं, 'रिंग' का कायसं. पुढं 'सॉल्ट'. मी म्हणाले, "सॉल्ट म्हणजे मीठ, मामी."

"मग पिवळं का?"

"कंपनीचं असतं तसं. ओल लागली असंल."

ओल लागली असंल! एकोणीस वर्षं पोरांना सांगतेय, अर्धा शब्द वाचून अर्थ लावू नका, पुढचं-मागचं बघा. मामीला शंका आली होती, संपत. तिला, जिला अक्षर येत नाही. ती विचारायला आली होती. सर्जेराव म्हणाले ना, अर्थ माहीत नसेल तर विचारावं? तिनं विचारलं होतं. दोघांना विचारलं होतं. तुला आणि मला.

पुण्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरनं विचारलं, "हे मीठ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मामीनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलांकडं बघत राहिले. मग ती म्हणाली, "कुणी न्हाई. माझं मीच." चौकीतही तेच म्हणाली. येरवड्याला गेली तरी तेच. आणि मी तुला पत्रं लिहीत राहिले. रागानं भरलेली, चार-चार पानांची.

गेल्या शुक्रवारी मी मामीकडं गेले. ती लसूण निवडत होती. आता बाजारात विकायला बसते. मी म्हणाले, "मामी, मी जबाब द्यायला निघालीय. तू दाखवलंस, मी वाचलं, मी मीठ म्हणाले, सगळं सांगणार हाय."

तिनं मान वर केली नाही. "आठ महिनं झालं."

"तू माझं नाव घेतलं न्हाईस. मला वाचवलंस."

तेव्हा तिनं हातातला लसूण सुपात टाकला. "कुणी सांगितलं तुला वाचवलं म्हणून? मी नाव घेतलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस. संपत तर न्हाई म्हणलाच. मग मी चोर बी ठरले असते आन् खोटारडी बी. मास्तरीण आन् साहेब एका बाजूला, झाडूवाली एका बाजूला. कुणाचं ऐकलं असतं गं त्यांनी? मी गप बसले, आन् बघत व्हते, तुमच्या दोघातलं कुणी आपल्या पायानं येतंय का."

मला रडू फुटलं.

"जबाब द्यायचा तर दे. माझ्या दारात रडू नकोस. आयेशा यायची येळ झाली."

मी तिथून तडक चौकीत गेले. जबाब लिहून घेणाऱ्यानं दोनदा विचारलं, "बाई, तुम्ही नोकरीत आहात, हे असंच लिहू का?" म्हटलं, असंच लिहा. खाली सही केली. तुझं नावही दिलंय. पोतं, 'घेऊन जा', रामसेवक, सगळं. मामाच्या मृत्यूची चौकशी आता तहसील कचेरीत होणार आहे. तुला समन्स येईल. ही विनंती समजू नकोस, कळवतेय.

तुझ्यावर रागावले ते खोटं नव्हतं. अजूनही आहे. पण त्यातला कितीतरी राग माझ्यावरचा होता आणि तो मी तुझ्या पत्त्यावर पाठवत होते, हे मात्र खरं.

आक्का


राहू
१ डिसेंबर २००२

संपत,

तू आलास. शिरूरच्या कचेरीत तू वर मान करून कुणाकडंच बघितलं नाहीस, म्हणून तिथं काय झालं ते तुला दिसलं नसेल. लिहिते.

तुझ्याआधी माझी साक्ष झाली. कंपनीच्या वकिलानं मला विचारलं, "म्हणजे इंग्रजी नीट न येणाऱ्या शिक्षिकेनं चुकीचा अर्थ सांगितला, त्यात कंपनीचा काय दोष?" मागं कुणीतरी हसलं. मी म्हणाले, माझी चूक मी लिहून दिलीय. आता कंपनीनं तिची द्यावी. तहसीलदारांनी वकिलाला बसायला सांगितलं.

मग तुला पुकारलं. तू किती वाळलास रे. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. रामसेवकाला कंपनीनं केव्हाच गावी पाठवून दिलेलं, त्यामुळे आतलं सांगणारा तू एकटाच होतास. सर्जेराव पहिल्या बाकावर पाय ताणून बसले होते, निवांत. त्यांना खात्री होती तुझी. खरं सांगते, मलाही तीच खात्री होती.

तहसीलदारांनी विचारलं, "खात्यात या पदार्थाला तुम्ही काय म्हणत होता?"

वकील उठला, "साहेब, प्रोसेस केमिकल..."

"त्यांना बोलू द्या."

बाहेर कुणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती, ती किक ऐकू येत होती. मग तू म्हणालास, "मीठ म्हणायचो साहेब. सगळेच. वरचे बी."

"विषारी असल्याची सूचना तुम्ही दिली होती?"

"न्हाई. मलाच कुणी सांगितलं न्हवतं. मामा गेल्यावर आठ दिवसांनी वही आणली. सप्टेंबरची तारीख टाकून माझी सही घेतली. मला जवा कळलं तवा मामा मातीत गेलेला."

"मग जबाब खोटा का दिलात?"

"भ्यालो साहेब."

सर्जेरावांनी पाय ओढून घेतले. वकील त्यांच्या कानाशी लागला. आबा माझ्या शेजारी होते. त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला, आणि तसेच उघड्या डोक्यानं शेवटपर्यंत बसले. आणि मामी? तुला वाटलं असेल मामी रडली असेल. नाही. तिनं कारकुनाला विचारलं, "माझं झालं का? जाऊ का मी?" आणि आयेशाचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. 'मी ते घेऊन जा म्हणालो' हे तू जेव्हा बोललास, तेव्हा फक्त एकदा तिनं तुझ्याकडं बघितलं होतं. कसं बघितलं ते मला शब्दात सांगता येणार नाही, आणि येत असतं तरी सांगितलं नसतं.

मी तुझ्यामागं बाहेर आले, तोवर तू पुण्याच्या गाडीत चढलेला. कंडक्टरनं घंटी दिली. बापाच्या पाया न पडता गेलास. एवढं धाडस केलंस, मग त्या चार पावलांची कसली भीती वाटली?

आक्का


राहू
९ मार्च २००३

संपत,

चौकशीचा निकाल लागला. मामीची काही चूक नाही, पदार्थाच्या नावामुळे मीठ समजून वापर झाला, असं लिहिलंय. चोरीची तक्रार कंपनीनं मागं घेतली. मागं घेतली म्हणे! जणू उपकारच केले. तुरुंगातले दिवस कोण मागं घेणार? कंपनीचा एकही माणूस अजून मामाच्या दारात आलेला नाही. सर्जेराव आहेत तिथंच आहेत. नव्या पोत्यांवर मराठीत 'विषारी क्षार' छापायला लागलेत आणि वर कवटीचं चित्र, असं ऐकते. जे एका रंगात, एका ओळीत होण्यासारखं होतं, त्याला एक माणूस जावा लागला.

माझ्या सेवापुस्तकात ठपका आलाय. येऊ दे. अनसाबाई परवा मामीकडून पाव किलो लसूण घेऊन गेली, वर 'मला आधीपासून वाटतच व्हतं' म्हणाली. मामीनं लसूण मोजून दिला.

तुझी नोकरी गेल्याचं रतननं सांगितलं. कुठल्याशा गोदामात रात्रपाळी करतोस म्हणाली. आबांनी कालच विचारलं, "संपत्या जेवतो कुठं?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तुझं नाव काढलं त्यांनी.

पण हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. तू मामीला पत्र पाठवलंस. मला न सांगता. माफीचं. पाच पानं. मन मोकळं केलंस, चांगलं केलंस, पण ते वाचणार कोण होतं, एवढाही विचार केला नाहीस? आयेशानं वाचून दाखवलं. दहावीच्या परीक्षेचा अभ्यास टाकून ती पोर आईसमोर बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, मामाचे ओठ, मामाची नखं, जीपमधला मामा, जे तू डोळ्यांनी बघितलंही नाहीस. ती तिथं थांबली. मामी म्हणाली, "पुढं?" ती पुढं वाचू शकली नाही. मामीनं पत्र तिच्या हातातून काढून घेतलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मामी भडकलेली होती. अशी तिला मी कधी बघितली नाही. "पोरीच्या तोंडून तिच्या बापाचं मरण वदवून घेतलं त्यानं! तोंड न्हाई का त्याला?"

मला तिनं घरात घेतलंय, चहा देते, पण पूर्वीसारखं 'शेवंते' म्हणत नाही. 'बाई' म्हणते. ते मला मान्य आहे. माझं मी भोगतेय. तुझं तुला माझ्या हातून उरकता येणार नाही, आणि टपालानं तर नाहीच.

तेव्हा तिला पत्र पाठवू नकोस. मलाही पाठवू नकोस. गाडी पकड आणि ये. ती तुला क्षमा करेल असं मी म्हणत नाही. कदाचित हाकलून देईल, आणि चार माणसांत देईल. तरी ये. बाजारच्या दिवशी ती भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी पोतं अंथरून बसते. अकराच्या आत फारसं गिऱ्हाईक नसतं.

आक्का